आत डोकावता आलं पाहिजे: प्रोग्रॅमिंग, तंत्रशिक्षण आणि खुलं वेब

 

विषयाचं नाव ऐकून तीन वेगवेगळे विषय असल्यासारखं वाटेल. पण पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवताना आमच्या लक्षात आलं की प्रश्न एकच आहे. समोरची वस्तू चालते कशी, हे आत डोकावून बघायची मुभा शिकणाऱ्याला आहे का? प्रोग्रॅमला, वर्गाला आणि वेबला, तिघांनाही आज हा एकच प्रश्न विचारायचा आहे. आणि थोडी टीका करायची आहे. टीका कडक वाटली तर वाटू द्या, कारण ज्यांचं नुकसान होतंय ती मुलं आपलीच आहेत.

सुरुवात जरा मागून करू. भारतात पहिला डिजिटल संगणक आला तो १९५५च्या सुमारास, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत. त्या वर्षांत त्या संस्थेचे अध्यक्ष होते चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. रोहेकरांना त्यांची वेगळी ओळख करून द्यायला नको. ते यंत्र विलायतेहून आलं होतं. पण त्याच सुमारास मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काही तरुण मंडळी स्वतःच संगणक बांधायला बसली. त्यांतल्या बहुतेकांनी त्याआधी संगणक पाहिलेलाही नव्हता. १९६० साली ते यंत्र चालू झालं, पुढे त्याला ‘टिफ्रॅक’ असं नाव मिळालं. आता बघा, त्या पिढीला तयार खोकं विकत घेऊन बटण दाबायची सोयच नव्हती. उघडल्याशिवाय, जोडल्याशिवाय, बिघडलेलं शोधल्याशिवाय काही चालतच नव्हतं. त्यामुळे शिकणं आणि आत बघणं ही त्यांच्यासाठी एकच गोष्ट होती. आपल्याकडे यंत्रं स्वस्त झाली, घरोघर आली, आणि या दोन गोष्टींची फारकत झाली.

ही फारकत न झालेलं एक ठिकाण इथेच आहे. पेणचे गणपतीचे कारखाने. बाहेरगावच्या माणसाला तिथे फक्त मूर्ती दिसतात. आम्हाला तिथे एक शाळा दिसते. पोरगा आधी माती मळतो, मग साच्यात भरतो, मग जोड घासतो, मग हात जरा बसला की रंगाला बसतो. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, ती जुन्या कारागिराची. पण ती आखणी चाललेली असताना पोरगा चार हातांवर बसलेला असतो आणि बघत असतो. कोणी त्याला ‘आज आपण आखणीचे पाच फायदे शिकणार आहोत’ असं सांगत नाही. मूर्तीची प्रत्येक अवस्था, अर्धवट, ओली, चुकलेली, त्याच्या नजरेसमोर असते. म्हणून तर हे काम पेण शहरात अडकून राहिलं नाही. हमरापूर, जोहे आणि आजूबाजूच्या गावांत पसरलं. लोक इथे काम करून गेले आणि आपापल्या अंगणात कारखाने काढून बसले.

हे सगळं गोड आहे असा आमचा दावा नाही. मजुरी तुटपुंजी आहे, काम हंगामी आहे, नमुना चोरल्याच्या कुरबुरी आहेत. ज्याचा नमुना उचलला गेला त्याला राग येणारच. तरीही हिशोब मांडला तर उघड्यावर काम केल्यामुळे पेण बुडालं नाही, पेणचं नाव झालं.

वेब हे मुळात असंच उघड्यावरचं काम होतं. १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत त्याची कल्पना मांडली. आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने जाहीर केलं की हे तंत्र कोणीही वापरावं, त्याचे पैसे नाहीत. आमच्या मते त्या जाहीर करण्याचं महत्त्व तंत्राइतकंच आहे. नाहीतर प्रत्येक पान लिहायला परवाना लागला असता. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगममार्फत. पुढे तालुक्याच्या गावांतही सायबर कॅफे आले. तासावर पैसे मोजून बसायचं.

त्या काळात पान कसं लिहिलंय ते बघायची सोय ब्राउझरमध्येच होती. उजवं बटण दाबायचं, ‘पेज सोर्स’ निवडायचं, की समोर सगळा साचा. शीर्षक कुठे, चित्र कुठे, दुवा कसा दिला. उतरवून घ्यायचं, शब्द बदलायचे, फाइल साठवायची, उघडून बघायची. बिघडलं? परत बघायचं. पुस्तक नाही, मास्तर नाही, फी नाही. आपल्या आसपासचे वयाने चाळिशीतले प्रोग्रॅमर विचारून बघा, त्यांतल्या बऱ्याच जणांची मुळाक्षरं अशीच गिरवून झालेली असतात.

आज तीच सोय आहे, पण उघडल्यावर काय दिसतं? एका ओळीत दाबून बसवलेली हजारो अक्षरं. चलांची नावं ‘ए’, ‘बी’, ‘सी’. याच्यामागे कट आहे असं आम्ही म्हणणार नाही. पान लवकर उतरावं म्हणून ते आकसवतात, आणि ग्रामीण भागातल्या मंद जोडणीला त्याचा फायदाच होतो. पण परिणाम असा की बाराव्या वर्षी डोकावणाऱ्या मुलाला आता आत भिंत दिसते. आणि मोबाइलवरच्या अॅपला तर डोकावण्याची खिडकीच नाही. ज्या मुलाच्या हातात पहिलं आणि एकमेव यंत्र मोबाइल आहे, आणि आपल्याकडे अशी मुलं खूप आहेत, त्याला हे कोणी तरी *लिहिलेलं* आहे, हेच जाणवत नाही. पावसासारखं ते वरून पडतं असं त्याला वाटतं.

मग तुम्ही म्हणाल, वेबने खिडकी बंद केली तर केली, शाळा-कॉलेजं आहेत ना! तिथे शिकवतात. आता त्या खोलीत जाऊ.

डिप्लोमाची असो की पदवीची, संगणकाची लॅब म्हटली की जर्नल आलं. प्रयोग क्रमांक, उद्देश, अल्गोरिदम, फ्लोचार्ट, प्रोग्रॅम, आउटपुट, निष्कर्ष, सही. प्रोग्रॅम हाताने उतरवायचा. बहुतेक वेळा मागच्या वर्षीच्या जर्नलमधून. त्यात कितीतरी ठिकाणी अजून टर्बो सीची निळी खिडकी चालते. बोरलँड कंपनीने टर्बो सी आणलं १९८७ मध्ये. सी भाषेचं पहिलं अमेरिकी प्रमाण ठरलं ते त्यानंतर, १९८९ला. म्हणजे भाषेचं प्रमाण ठरण्याआधीच्या सवयी आपण मुलांना लावतोय, आणि नोकरीच्या मुलाखतीत त्या पुसायला सांगतोय.

पण जुनं साधन हा खरा दोष नाही. जुन्या करवतीनेही चांगलं लाकूड कापता येतं. दोष कुठे आहे ते एका उदाहरणाने दाखवतो. फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम सगळ्यांना माहीत आहे. पाचचं फॅक्टोरियल, म्हणजे पाच गुणिले चार गुणिले तीन गुणिले दोन गुणिले एक. उत्तर १२०. तुम्ही कुठल्याही कॉलेजचं जर्नल उघडा, आउटपुटमध्ये पाच आणि १२० सापडण्याची शक्यता फार मोठी. आता त्याच प्रोग्रॅमला आठ द्या. उत्तर यायला हवं ४०,३२०. टर्बो सीमध्ये साध्या पूर्णांकाला सोळा बिट मिळतात, त्यात ३२,७६७ पर्यंतच मावतं. पडद्यावर येतं उणे २५,२१६. बरं, नवीन कंपायलर घेतला, बत्तीस बिट मिळाले. आता तेरा द्या. खरं उत्तर ६,२२,७०,२०,८००. मावतात फक्त २,१४,७४,८३,६४७. बहुतेक यंत्रांवर उत्तर येईल १,९३,२०,५३,५०४.

ही दुसरी चूक पहिलीपेक्षा वाईट आहे. का? पहिलीत उणे चिन्ह आलं, कोणालाही शंका येते. दुसऱ्यात उत्तर मोठं आहे, धन आहे, भारदस्त आहे. सही मिळवण्यासारखं आहे. आणि पूर्णपणे चुकीचं आहे.

आमची टीका इतकीच की जर्नल या पद्धतीत तेरा देऊन बघायला जागाच ठेवलेली नाही. ‘हा प्रोग्रॅम कुठे मोडतो?’ असा रकाना नाही. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम वाचायचा तास नाही. स्वतःचाच प्रोग्रॅम तीन महिन्यांनी उघडून बदलायचा प्रयोग नाही. जिथे नोकरी करायची तिथे दिवसातला मोठा वेळ दुसऱ्याचा कोड वाचण्यात आणि दुरुस्त करण्यात जातो, आणि इथे आपण मुलांना फक्त कोरा कागद भरायला शिकवतो. मूर्तीच्या भाषेत सांगायचं तर रंगवलेल्या गणपतीचं चित्र काढायला लावतो आणि म्हणतो, झाला कारागीर.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. २००१ पासून महाराष्ट्रात एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम आला. सरकारी नोकरीच्या अटीमुळे का होईना, लाखो माणसं पहिल्यांदा संगणकासमोर बसली. गृहिणी बसल्या, निवृत्त शिक्षक बसले. माऊस धरायची भीती गेली. हे काम लहान नाही, आणि त्याची चेष्टा करणाऱ्या शहरी मंडळींशी आमचं जमत नाही. पण ते पहिलं पाऊल होतं. कुठल्या मेनूत काय आहे हे कळलं. मेनू कोणी आणि कसा बनवला, हे दुसरं पाऊल. ते टाकायची वेळ आली तेव्हा आपण दुसरं प्रमाणपत्र काढलं.

आता पेणहून रोह्याकडे येऊ. रेल्वेने. रोह्याला एक फार मोठी गोष्ट रोज घडते आणि ती कोणाच्या लक्षातही येत नाही. तिथे मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. व्यवस्थापन वेगळं, महामंडळ वेगळं, ते १९९० साली स्थापन झालेलं. १९९८च्या जानेवारीत संपूर्ण मार्ग खुला झाला, रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर. पण दादरहून निघालेल्या माणसाला रोह्याला उतरून गाडी बदलावी लागते का? नाही. कारण रुळांतलं अंतर दोघांनी एकच मानलंय, १,६७६ मिलिमीटर. डबे जोडायची रीत एक, सिग्नलची भाषा एक. मालक दोन, मार्ग एक. खुलं प्रमाण म्हणजे हेच. वेब असंच बांधलेलं होतं: तुमचा संगणक कुठल्या कंपनीचा, माझा ब्राउझर कुठला, याने पान अडत नव्हतं.

आणि याच रायगड जिल्ह्यात उलटं उदाहरणही आहे. नेरळ–माथेरान. १९०७ची गाडी, रूळ फक्त ६१० मिलिमीटरचे. नेरळला उतरा, सामान काढा, दुसऱ्या गाडीत बसा. माथेरानच्या वळणांना तेवढीच गाडी लागते, त्यामुळे तिच्याबद्दल तक्रार नाही. काही अॅपनाही तशी खरी कारणं असतात. पैशांचे व्यवहार, सुरक्षा वगैरे. पण आज गावच्या बातमीला, बचत गटाच्या यादीला, शाळेच्या सूचनेलाही आपण माथेरानचे रूळ घालायला लागलोय. एका कंपनीच्या अॅपमध्ये गट काढला, तिथे पोस्ट टाकली. बाहेरच्याला दिसत नाही, शोधून सापडत नाही, सहा महिन्यांनी आतल्यालाही मिळत नाही. सपाट जमिनीवर अरुंद रूळ घालायचं कारण काय?

इथे मराठीचा प्रश्न येतो, आणि तो सगळ्यात दुखरा आहे.

मराठी अक्षरं संगणकावर आली ती फाँटच्या मार्गाने. प्रत्येक कंपनीचा फाँट वेगळा, प्रत्येकाची आतली मांडणी वेगळी. पडद्यावर ‘पेण’ दिसायचं, पण आत साठवलेली असायची रोमन अक्षरं आणि चिन्हं. तो फाँट नसलेल्या यंत्रावर उघडलं की सगळा कचरा. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने इस्की हे प्रमाण ठरवलं, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. म्हणजे एकसारखे रूळ कागदावर तयार होते. तरीही पुढची कितीतरी वर्षं वर्तमानपत्रं, छापखाने, कार्यालयं आपापल्या फाँटमध्येच अडकून राहिली. युनिकोडमध्येही अडचणी होत्या, हे खरं. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन वेगळे शब्द आहेत, कोकणात दोन्ही आहेत, आणि ‘ऱ्य’मधला तो अर्धा र सुरुवातीला बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये नीट उमटत नसे. पण ती अडचण सुटली. सवय सुटली नाही.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ला सुरू झाला. मराठी विश्वकोश वेबवर आला. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने पायथन, लिनक्स, लिबर ऑफिस यांचे धडे मराठी आवाजात केले, आणि ते खुल्या परवान्याखाली दिले. इंटरनेट नसलेल्या लॅबमध्येही ते चालवता येतात. ही कामं म्हणजे उघडे कारखाने आहेत. पण आपण सामान्य मराठी माणसं काय करतो? सुंदर लेख लिहितो आणि त्याचा फोटो काढून पाठवतो. नोटीस टाइप करतो, छापतो, शिक्का मारतो, परत स्कॅन करतो आणि ते चित्र चढवतो. अक्षरं होती, त्यांचं आपण चित्र केलं. मग शोधणाऱ्याला ती सापडत नाहीत, दृष्टिहीन माणसाच्या वाचकयंत्राला ती वाचता येत नाहीत, आणि रोह्यातली मुलगी मराठीत शोधते तेव्हा तिला वाटतं, मराठीत या विषयावर काही नाहीच.

२०२१-२२ पासून अभियांत्रिकी मराठीतून शिकवायला तंत्रशिक्षण परिषदेने परवानगी दिली, पुस्तकांची भाषांतरं झाली. स्वागत आहे. पण नुसत्या परिभाषेने काम होत नाही. ‘व्हेरिएबल’ला ‘चल’ म्हटलं आणि प्रयोग तोच पाचचा फॅक्टोरियल ठेवला, तर मुलाला मराठीत पाठांतर मिळालं, एवढंच. भाषा बदलली की प्रश्नही इथला यायला हवा.

इथला म्हणजे कसला? हे बघा. किनाऱ्यावरची जुनी माणसं भरतीची वेळ तोंडी सांगतात. पक्षातली तिथी घ्यायची आणि पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. हा अल्गोरिदम आहे, मंडळी! आज्जा-पणज्याने दिलेला, एका ओळीचा. मुलांना पहिला प्रोग्रॅम हा द्या. तिथी घ्या, वेळ छापा. मग छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून बघायला सांगा. जुळणार नाही! काही दिवस अर्धा-पाऊण तासाचा फरक पडेल. का? कारण भरती दर दिवशी साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि पाऊणपटीचा नियम पंचेचाळीसच धरतो. शिवाय रेवदंड्याला कुंडलिकेच्या मुखाशी आलेलं पाणी आत रोह्याकडे चढायला वेळ घेतं, धरमतरच्या खाडीचंही तसंच. आणि सोळावी तिथी दिली तर? उणे दोन दिली तर? प्रोग्रॅमने काय करायचं?

या एका प्रयोगात चूक शोधणं आलं, दुरुस्ती आली, दुसऱ्याचं ज्ञान वाचणं आलं. आणि याला किंमत आहे. उधाणाच्या दिवसांत पेणच्या खारबंदिस्तीला खांडी जातात, खारं पाणी भातशेतीत शिरतं. ती वेळ नीट कळणं ही तिथल्या शेतकऱ्याची गरज आहे. मुलांनी याचं साधं, मराठी, युनिकोडमधलं पान करावं. वाचता येईल असा कोड ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांना तो उघडून बदलता येईल.

शेवटी एक प्रश्न, जो तुम्ही विचारणारच आहात. आता यंत्रच प्रोग्रॅम लिहून देतं, मग हे शिकायचं कशाला? आमचं उत्तर तेराच्या फॅक्टोरियलमध्ये आहे. यंत्रही भारदस्त, धन आणि चुकीचं उत्तर देऊ शकतं. ते वाचून ओळखणारा कोणी तरी लागतो. आणि ही यंत्रं शिकली कशावर? मोठ्या प्रमाणात लोकांनी उघड्यावर ठेवलेल्या मजकुरावर आणि कोडवर. आपण आपली मराठी फोटोंत आणि बंद गटांत कोंडून ठेवली, तर यंत्राला आपली भाषा परक्या भाषेच्या वळणाने येईल, आणि मग आपली मुलं ती त्याच्याकडून शिकतील. परवाना आणि मोबदला यांचे वाद आहेत, ते व्हायला हवेत. पण कोंडून ठेवणं हा त्याचा उपाय नाही.

तेव्हा शिक्षकमंडळींना विनंती: जर्नलमध्ये एक रकाना वाढवा, ‘कुठे मोडतो’. त्याला कोणाची परवानगी लागत नाही, पट्टीने एक रेघ मारली की झालं. विद्यार्थ्यांना विनंती: या महिन्यात दुसऱ्याचा एक प्रोग्रॅम वाचा आणि त्यातली एक चूक त्याला नीट सांगा. आणि बाकी सगळ्यांना: मराठीत काही लिहिलंत तर ते अक्षरांतच पाठवा, चित्र करू नका.

एवढं बोलून थांबतो. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेपासून सुरुवात करू, तिथे बसणाऱ्यांना सहसा विचारायची संधी मिळत नाही.